खोट्या चिपचा खरा ड्रायव्हर

लिनक्स कर्नलची ४.१४ ही आवृत्ती २०१७च्या नोव्हेंबरात आली आणि ॲटमेल कंपनीची एक जुनी सुरक्षा चिप असलेल्या यंत्रांवर विचित्र प्रकार दिसू लागला. चिपकडे एखादं गुपित कुलूपबंद करायला द्यावं, तर ती मध्येच गप्प व्हायची आणि कर्नलच्या लॉगमध्ये ‘उणे ६२’ हा आकडा उमटायचा. त्याचा अर्थ, मुदत संपली पण उत्तर आलं नाही. चिप तीच होती, ड्रायव्हरचा तर्कही तोच होता. बदललं होतं ते वाट पाहणं. ड्रायव्हर चिपची स्थिती विचारायचा, पाच मिलिसेकंद झोपायचा आणि पुन्हा विचारायचा. ही झोप जास्त अचूक फंक्शननं घेतली तर काम लवकर उरकेल, असा तो बदल होता आणि तो रास्तच होता. पुढे मोजून पाहिलं तेव्हा कळलं, की जुन्या फंक्शनची ‘पाच मिलिसेकंद’ झोप प्रत्यक्षात पंधरा मिलिसेकंदांची होती. ते फंक्शन कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यांवर चालतं आणि ‘किमान इतका वेळ’ एवढंच वचन देतं. त्या आळसावर ती चिप इतकी वर्षं तगून होती. झोप खरोखरच आखूड झाली आणि सततच्या विचारपुशीनं ती कोलमडली. २०२१च्या दुरुस्तीनंतर कर्नलमध्ये ॲटमेलच्या या चिपसाठी खास आकडे आहेत: दोन विचारण्यांमध्ये किमान १४.७ आणि कमाल १५ मिलिसेकंद.

हा दोष नकली चिपवर कधीही सापडला नसता. आणि आज अशा चिपांच्या ड्रायव्हरवर काम करणाऱ्यांपैकी अनेकांच्या टेबलावर खरी चिप नसतेच. ते काम करतात ते सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या, म्हणजे एम्युलेटेड चिपवर.

या चिपचं नाव टीपीएम, ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल. २००३मध्ये स्थापन झालेला ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुप हा उद्योगसमूह तिची मानकं ठरवतो. सर्वसामान्य माणसानं हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते बहुधा ऑक्टोबर २०२१मध्ये, विंडोज ११ आलं तेव्हा. कारण टीपीएम २.० नसेल तर मायक्रोसॉफ्ट ते बसवू देईना. चिपचं काम थोडक्यात असं: किल्ल्या बनवणं, खासगी किल्ली बाहेर न देता तिनं सही करणं, आणि संगणक सुरू होताना काय काय चाललं याची पुसता न येणारी नोंद ठेवणं. नोंदीसाठी पीसीवरच्या चिपमध्ये २४ रजिस्टरं असतात. त्यांत थेट काही लिहिता येत नाही. जुनी किंमत आणि नवी नोंद एकापुढे एक ठेवून त्यांचा हॅश काढायचा आणि तोच नवी किंमत म्हणून ठेवायचा, एवढी एकच क्रिया उपलब्ध असते. मधली एखादी पायरी बदलली तरी शेवटचा आकडा वेगळाच निघतो. डिस्कची किल्ली ‘हा आकडा असेल तरच उघड’ अशा अटीवर चिपकडे ठेवता येते.

चिपशी बोलण्याची भाषा साधी आहे. प्रत्येक आज्ञेच्या सुरुवातीला दहा बाइटचं शीर्षक: दोन बाइट आज्ञेचा प्रकार, चार बाइट एकूण लांबी, चार बाइट आज्ञेचा क्रमांक. सोळा बाइट यादृच्छिक आकडे हवे असतील तर शीर्षकामागे ‘१६’ हा आकडा दोन बाइटांत जोडायचा. झाली बारा बाइटची आज्ञा. उत्तरात दहा बाइट शीर्षक, दोन बाइट लांबी आणि सोळा बाइट माल, म्हणजे २८ बाइट येतात. मोठ्या मूल्याचा बाइट आधी, असा इथला क्रम आहे आणि इंटेलच्या प्रोसेसरचा नेमका उलटा. नवख्यानं लांबीचे बाइट उलटवायला विसरावं, तर बारा या आकड्याचे २० कोटींहून अधिक होतात. ही चूक नकली चिप पहिल्याच मिनिटाला पकडून देते. तिचा फायदा सांगायला इथूनच सुरुवात करायला हवी.

लिनक्समध्ये टीपीएमचे ड्रायव्हर २००५च्या २.६.१२ या आवृत्तीपासून आहेत. रचना दुमजली आहे. वरचा मजला सगळ्यांना समाईक: आज्ञा बांधणं, मुदती सांभाळणं, वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला डिव्हाइस फाइल देणं. खालच्या मजल्यावर प्रत्येक प्रकारच्या चिपचा स्वतःचा छोटा ड्रायव्हर, आणि त्यानं पुरवायची मोजकी फंक्शनं: पाठव, घे, स्थिती सांग, रद्द कर. चिपच्या पोटात एका वेळी जेमतेम दोन-चार किल्ल्या मावत असल्यानं त्यांची आत-बाहेर ने-आण करणारा व्यवस्थापकही वरच्या मजल्यावरच राहतो. तो २०१७मध्ये ४.१२ आवृत्तीत आला.

खालच्या मजल्यावरचा सर्वांत महत्त्वाचा ड्रायव्हर म्हणजे टीआयएस. पीसीवर ही चिप मेमरीच्या ठरलेल्या पत्त्यावर दिसते. चार जीबीच्या हद्दीच्या सुमारे १९ एमबी खाली वीस केबीचा एक तुकडा असतो आणि त्याचे चार-चार केबीचे पाच भाग. या भागांना लोकॅलिटी म्हणतात. शून्य क्रमांकाची नेहमीच्या वापराची, चार क्रमांकाची खुद्द हार्डवेअरसाठी राखीव. आज्ञा पाठवण्याचा विधी सरकारी कचेरीच्या खिडकीवर अर्ज देण्यासारखा आहे. आधी खिडकी मागायची आणि ती मिळाली का ते पाहायचं. मग ‘तयार हो’ म्हणायचं आणि तयार होईपर्यंत थांबायचं. मग एका वेळी किती बाइट घेशील हे विचारायचं. या आकड्याला बर्स्ट काउंट म्हणतात. तेवढेच बाइट सरकवायचे आणि पुन्हा विचारायचं. शेवटचा बाइट मुद्दाम वेगळा पाठवायचा, कारण त्याच्या आधी चिपनं ‘अजून हवंय’ म्हटलं पाहिजे आणि त्याच्यानंतर म्हणता कामा नये. तसं झालं तरच दोघांचा हिशेब जुळला. मग ‘कामाला लाग’ आणि मग वाट. उत्तर आलं की पहिले दहा बाइट वाचून लांबी समजून घ्यायची, उरलेलं वाचायचं, खिडकी सोडायची.

वाट किती पाहायची याचेही आकडे कर्नलमध्ये ठरवून दिलेले होते. साध्या आज्ञेला २० मिलिसेकंद, मध्यम आज्ञेला ७५०, लांबलचक आज्ञेला दोन सेकंद. आणि आरएसए किल्ली बनवण्यासारख्या कामाला ३०० सेकंद. पाच मिनिटं! आपल्या खिशातल्या फोनपेक्षा कितीतरी दुबळा मायक्रोकंट्रोलर आत बसून मोठमोठ्या मूळ संख्या शोधत असतो, याची ही कबुली आहे. सीआरबी नावाची दुसरी, नवी पद्धत सुटसुटीत आहे. तिच्यात बाइट-बाइट सरकवणं नाही. पूर्ण आज्ञा एका बफरमध्ये ठेवायची, ‘सुरू’चा बिट लावायचा आणि उत्तर बफरमधूनच उचलायचं.

आता नकली चिपकडे. टीपीएम आभासी करण्याचा पाया घालणारा एक शोधनिबंध आयबीएमच्या संशोधकांनी २००६च्या युसेनिक्स सुरक्षा परिषदेत मांडला. त्यातले एक लेखक स्टेफान बर्गर यांनीच पुढे लिबटीपीएमएस ही लायब्ररी आणि एसडब्ल्यूटीपीएम हा प्रोग्रॅम उभा केला, आणि क्यूएमू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या २०१७च्या डिसेंबरात आलेल्या २.११ आवृत्तीपासून तो आभासी मशीनला जोडता येऊ लागला. यंत्रणा अशी चालते. आभासी मशीनच्या आतल्या, म्हणजे पाहुण्या कर्नलचा ड्रायव्हर वर सांगितलेल्या पत्त्यावर काहीतरी लिहितो. तिथे खरी मेमरी नसल्यानं प्रोसेसर त्याला थांबवतो आणि क्यूएमूला बोलावतो. क्यूएमू ते रजिस्टर समजून घेतो, बाइट चार हजार शहाण्णव बाइटच्या बफरमध्ये साठवतो. ‘कामाला लाग’ आलं की अख्खी आज्ञा सॉकेटमधून एसडब्ल्यूटीपीएमकडे जाते, लिबटीपीएमएस तिचं उत्तर काढते आणि ते त्याच वाटेनं परत येतं. या सगळ्याचा पाहुण्या कर्नलला पत्ता नसतो. खऱ्या चिपसाठी लिहिलेला टीआयएस ड्रायव्हर एक ओळही न बदलता इथे चालतो.

हीच या योजनेची गंमत आणि हाच तिचा वाद. जुन्या हार्डवेअरचं हुबेहूब सोंग घेतलं तर नवा ड्रायव्हर लागत नाही, विंडोजही बिनतक्रार चालतं. पण मग इथे अस्तित्वातच नसलेल्या बसच्या संथपणासाठी ठरवलेला विधी दोन प्रोग्रॅमांनी एकमेकांसमोर पार पाडायचा! उलट बाजूनं, सोंग टाकून देऊन ‘मी आभासी आहे, अख्खी आज्ञा एकदम दे’ असा नवा करार करता येतो. झेन या आभासीकरण प्रणालीचा टीपीएम ड्रायव्हर (२०१३, कर्नल ३.१२) याच पंथाचा. माझं मत विचाराल तर शिकणाऱ्यानं सोंगापासून सुरुवात करावी, कारण त्या सोंगातच पूर्ण शिष्टाचार दडलेला आहे.

ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ही नकली चिप काय देते? पहिली गोष्ट म्हणजे निर्भयता. खरी चिप चुकीचे पासवर्ड फार वेळा दिले की स्वतःला कुलूप लावून घेते, तिची आतली मेमरी ठरावीक लिखाणांनंतर झिजते, आणि कर्नल कोसळला की यंत्र हातानं पुन्हा चालू करावं लागतं. नकली चिपची सगळी अवस्था एका फोल्डरात असते. फोल्डर पुसला की कोरी करकरीत चिप. आभासी मशीन पहिल्या सूचनेवरच थांबवून डीबगर जोडता येतो. क्यूएमूच्या ट्रेसमध्ये रजिस्टरचं प्रत्येक वाचन-लेखन दिसतं, म्हणजे आपण चिपला काय म्हणालो आणि तिनं काय ऐकलं हे एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी वाचता येतं. खऱ्या चिपसाठी असं काही पाहायचं तर बसच्या तारांना लॉजिक ॲनलायझर लावून बसावं लागतं.

ड्रायव्हरच्या वरच्या मजल्यावर काम करायचं असेल तर आभासी मशीनचीही गरज नाही. २०१६च्या ४.८ आवृत्तीत व्हीटीपीएम प्रॉक्सी नावाचा एक ड्रायव्हर आला. त्याच्याकडे मागणी केली की तो एक नवं टीपीएम उपकरण उभं करतो आणि त्याचं दुसरं टोक आपल्या हातात देतो. त्या टोकावर आज्ञा वाचणारा आणि उत्तरं लिहिणारा प्रोग्रॅम म्हणजे चिप! मूळ हेतू कंटेनरना स्वतंत्र टीपीएम देण्याचा होता. पण पायथनच्या छोट्याशा प्रोग्रॅमनं ‘आळशी’, ‘बहिरी’ किंवा ‘खोटारडी’ चिप बनवून कर्नल काय करतो ते पाहायलाही ते साधन उत्तम आहे.

आणि हे पाहावंच लागतं, कारण एसडब्ल्यूटीपीएम आणि क्यूएमू यांची जोडी फार सभ्य आहे. बर्स्ट काउंटचंच घ्या. खरी चिप एका वेळी मोजकेच बाइट घेते, त्यामुळे लांब आज्ञेसाठी ड्रायव्हरला पुनःपुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. क्यूएमूची चिप मात्र बफरात उरलेली सगळी जागा सांगून मोकळी होते: घ्या, चार हजार बाइट! आज्ञा पहिल्याच फेरीत संपते. ‘फेरी संपली, आता पुढचा तुकडा कुठून?’ हा हिशेब तुम्ही एका बाइटनं चुकवला असेल, तरी सगळ्या चाचण्या पास होतात आणि चूक थेट ग्राहकाच्या यंत्रावर प्रकट होते.

गंमत म्हणजे एम्युलेटर लिहिणाऱ्यालाही हा आकडा छळतो. बर्स्ट काउंट दोन बाइटांत मावतो, पण काही ड्रायव्हर त्याचा एकेक बाइट वाचतात. नेमके २५६ बाइट उपलब्ध असले तर खालचा बाइट शून्य दिसतो, आणि ड्रायव्हर समजतो, काहीच जागा नाही. म्हणून क्यूएमूच्या कोडमध्ये खास अट आहे: एका बाइटचं वाचन असेल आणि उपलब्ध संख्या २५५पेक्षा जास्त असेल, तर २५५च सांगायचे. खरं उत्तर अडचणीचं ठरतं म्हणून तिथे कमी सांगितलं जातं. असे बारकावे मानकाच्या पानांत ठळकपणे सापडत नाहीत. कुणीतरी आपटतो, मग कोडमध्ये एक ओळ वाढते.

वेळेबाबतही तेच. नकली चिपचं स्थिती-रजिस्टर म्हणजे प्रोग्रॅममधलं एक चलपद. ते दहा लाख वेळा वाचलं तरी थकत नाही. ॲटमेलची चिप थकली. इंटरप्टची कथाही अशीच आहे. ‘उत्तर तयार आहे’ हे विचारत बसण्याऐवजी चिपनंच हाक मारावी, ही सोय कर्नलच्या ६.४ आवृत्तीत (२०२३) नीट चालू केली गेली. लगेच काही लॅपटॉपांवर हाकांचं वादळ उठलं, इंटरप्ट थांबेचनात. अपवादांची यादी वाढत गेली आणि अखेर ही सोय मुळातच बंद ठेवून, हवी त्यानं चालू करावी असं ठरलं. त्याच वर्षी एएमडीच्या प्रोसेसरमधल्या फर्मवेअर टीपीएमनं वेगळाच धडा दिला. तिच्याकडून यादृच्छिक आकडे मागितले की काही यंत्रं क्षणभर अडखळायची, आवाज तुटायचा. लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी वैतागून हा स्रोत बंदच करा म्हटलं आणि ६.५ आवृत्तीत तो सर्व एएमडी फर्मवेअर टीपीएमसाठी बंद झाला. ड्रायव्हरमध्ये व्याकरणाची एकही चूक नव्हती.

म्हणून जाणता माणूस सभ्य चिपला मुद्दाम उर्मट करतो. क्यूएमू मुक्त स्रोत आहे. बर्स्ट काउंट एकावर आणायला दोन-तीन ओळी पुरतात. उत्तर अर्ध्यातच तोडायचं. दर तिसऱ्या आज्ञेला ‘पुन्हा प्रयत्न कर’ असं सांगायचं; मानकात त्यासाठी स्वतंत्र त्रुटी-क्रमांकच आहे. खिडकी न मागता स्थिती वाचली तर सगळे बिट एक असलेली किंमत परत येते. ड्रायव्हरनं ती ‘सगळं तयार आहे’ अशी वाचली की संपलं. सुदैवानं हे शेवटचं वागणं क्यूएमूत आधीपासूनच इमानदारीनं उतरवलेलं आहे. आणि सगळ्यांत फलदायी खोडी म्हणजे उत्तराच्या शीर्षकात लांबी खोटी सांगायची: फार मोठी, किंवा दहापेक्षा कमी. टीआयएस आणि सीआरबी या दोन्ही ड्रायव्हरांत आज दोन्ही टोकांची तपासणी आहे.

चिप कशाला खोटं बोलेल, असं वाटू शकतं. संशय दोन्ही बाजूंनी घ्यावा लागतो. २०२३मध्ये क्वार्क्सलॅब या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी शोधलेल्या टीपीएम २.०च्या दोन त्रुटी जाहीर झाल्या. त्या कुठल्या एका कंपनीच्या चिपमध्ये नव्हत्या. ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुपच्या नमुना कोडमध्येच होत्या. विशिष्ट आज्ञा पाठवली, की एका त्रुटीतून बफरच्या पलीकडचे दोन बाइट वाचता येत, दुसरीतून दोन बाइट लिहिता येत. त्या नमुना कोडवर बेतलेल्या अनेक अंमलबजावण्यांना, लिबटीपीएमएसलाही, त्याची झळ लागली. आभासी मशीनमधला खोडसाळ पाहुणा अशी आज्ञा पाठवून यजमानाच्या प्रक्रियेत घुसण्याचा प्रयत्न करू शकतो. एसडब्ल्यूटीपीएम क्यूएमूच्या पोटात न ठेवता वेगळी प्रक्रिया म्हणून का चालवतात, याचं एक उत्तर इथे मिळतं: चिप कोसळली तरी मशीन तिच्यासोबत कोसळू नये आणि घुसखोराला क्यूएमूचे अधिकार मिळू नयेत.

दुसऱ्या बाजूचा संशय याहून खोल आहे. खऱ्या चिपचं सारं मोल ‘आतलं बाहेर काढता येत नाही’ यात आहे. नकली चिपचं आतलं म्हणजे यजमान संगणकाच्या डिस्कवरची एक फाइल. एसडब्ल्यूटीपीएमला किल्ली दिली तर तो ती फाइल कूटबद्ध करतो, पण ती किल्लीही यजमानाकडेच असते. स्वतःच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर तपासताना याचं काही बिघडत नाही. भाड्याच्या क्लाउडमध्ये मात्र ‘माझं मशीन शुद्ध स्थितीत सुरू झालं’ याचा दाखला, ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्याच घरमालकाकडून घेतल्यासारखं होतं.

या पेचावरचं एक उत्तर असं. एएमडीच्या एसईव्ही-एसएनपी तंत्रात पाहुण्याची मेमरी यजमानापासून कूटबद्ध राहते, शिवाय पाहुण्याच्या आतच अधिकारांचे चार स्तर करता येतात. सर्वांत वरच्या स्तरावर एसव्हीएसएम नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा आणि नकली टीपीएम त्याच्या पोटात चालवायची, अशी युक्ती निघाली. कोकोनट हा त्याचा मुक्त प्रकल्प. आता चिप यजमानाच्या हातात नाही आणि पाहुण्या कर्नलच्याही हातात नाही. यासाठीचा ड्रायव्हर २०२५मध्ये ६.१६ आवृत्तीत मुख्य लिनक्समध्ये आला. तो वाचायला घ्या, एका चहात संपेल. रजिस्टरं नाहीत, लोकॅलिटीची खिडकी नाही, बर्स्ट काउंट नाही, इंटरप्ट नाही, झोपणंही नाही. आज्ञा एका पानात ठेवायची, वरच्या स्तराला हाक द्यायची. ती हाक परत येते तेव्हा त्याच पानात उत्तर तयार असतं. तरीही उत्तराची लांबी तपासणारी अट तिथे आहेच.

फाइलचा प्रश्न मात्र इथे उलटा होऊन उभा राहिला. चिपची अवस्था यजमानाच्या डिस्कवर ठेवायची नाही, तर ठेवायची कुठे? एसव्हीएसएममधल्या चिपच्या सुरुवातीच्या रूपात त्याचं उत्तर होतं, कुठेच नाही. दर वेळी मशीन सुरू झालं की चिप नव्यानं जन्मते. बूटचा दाखला द्यायला ती उपयोगी पडते; पण काल तिच्याकडे कुलूपबंद केलेली डिस्कची किल्ली आज तिला उघडता येत नाही.